लाकडी मोटारीवरचा पोचा

अकोल्याच्या मोटारस्टँडवर सुभद्रा तेल्हाऱ्याच्या गाडीची वाट पाहत बसली होती. शेजारच्या बाकावर देवमन पेंटर एका गिऱ्हाइकाला स्वतः रंगवलेली लाकडी मोटार दाखवत होता.

“रंग झकास हाय, देवमन. पण दिव्यापाशी हा पोचा काहून केला?”

“गॅरेजात मोटार जशी येते तशीच मी लाकडात करतो, पंजाबराव. ही पोचा घेऊनच आली होती.”

“अशीच हिरवी?”

“अशीच. मालक म्हणे, आजच्या आज काळी करून दे.”

“कधीची गोष्ट?”

“पोळ्याच्या दुसऱ्या दिवशीची.”

सुभद्रा उठून त्यांच्यासमोर उभी राहिली.

“दादा, पोळ्याच्या सांजी माह्या भावाले चिरडून हिरवी मोटार पळाली. इचा नंबर लिहिला काय तुमी?”

देवमननं ती मोटार हळूच फिरवून मागची रंगवलेली नंबराची पाटी तिच्यासमोर धरली.