उभ्या काड्यांची अँटेना

बायकोलाही कधी सांगितलं न्हाई ते आज तुम्हाला सांगतो, तळ्यावरची ती अँटेना वाऱ्यानं फिरली नव्हती, मी फिरवली होती.

मी मंठा तालुक्यातला, तळ्यावरचा चौकीदार. लहानपणापासून माझ्या अंगात एकच कला, अँटेना फिरवायची. गावात कोणाच्या टीव्हीवर मुंग्या आल्या की हाक यायची, ए विष्णू, चढ रे पत्र्यावर, मंग मी वर आणि खालून बाया ओरडायच्या, आलं, आलं, अगं बाई गेलं, अजून जरासं फिरव, आणि चित्र बराबर झालं की मला चहा. ती शान डोक्यात बसली ना, तिनंच घात केला.

चौकीदारीत माझं काम म्हणजे पट्टीवर पाण्याची पातळी बघायची आन् ऑफिसला फोन करायचा, पण तळ्यावर रेंज यायची-जायची, टेकाड चढून जीव जायचा. मंग ऑफिसनं ठरवलं, पाण्यात सेन्सर टाकायचा, तळ्याच्या भिंतीवर पेटी, पेटीत रेडिओ मोडेम, वर खांबाला अँटेना, म्हणजे आकडा आपोआप मंठ्याच्या पाण्याच्या टाकीवर जाणार आणि तिथून जालन्याला. ते बसवायला आला हसनाबादचा सिद्धार्थ, ठेकेदाराकडचा फिटर. काय सांगू तुम्हाला, लई गोड माणूस. भिंतीवर माझ्यासंगं जेवायला बसायचा, ठेचा खाल्ला की म्हणायचा, दादा, वहिनींना सांगा जरा बेतानं, मला अजून खांबावर चढायचंय. बाकीच्या तळ्यांचं कामही त्यालाच भेटणार होतं.

ऑफिसच्या साहेबानं जाताना बजावलं, पेटीला, खांबाला हात लावलास तर घरी बसशील. मी तेव्हा रोजंदारीवर.

पण गावातला गणपतराव म्हशी पाण्यावर घेऊन आल्ता, वर बघून हसला, म्हणला, काय हो अँटेनावाले, तुमच्या डोळ्यादेखत उलटी बसवून गेला की, टीव्हीच्या काड्या आडव्या असत्यात, ह्याच्या उभ्या! मलाही तेच खुपून राह्यलं होतं. पाना घेतला, चढलो, तोंड मंठ्याकडंच ठेवलं पण काड्या आडव्या केल्या, उतरून लांबून बघितलं, म्हणलं आता बिलकुल बराबर.

जालन्याला आकडे जायचे बंद झाले. साहेब सिद्धार्थला घेऊन आले, तो खांबावर चढला, नटावर माझ्या पान्याचे ओरखडे होते, त्यानं वरून एकदा माझ्याकडं बघितलं आणि मी मान खाली घातली. साहेब खालून ओरडले, काय झालं रे. तो म्हणला, नट ढिला राह्यला साहेब माझ्याकडून, वाऱ्यानं फिरली. साहेब म्हणले, असलं कच्चं काम करतोस, पुढच्या तळ्यावर तू दिसायचा न्हाई. ठेकेदारानंही त्याला काढलं. आणि मी तिथंच उभा, तोंड उघडलं न्हाई.

सिद्धार्थ काड्या परत उभ्या करून उतरला, जाताना हत्यारं पिशवीत भरता भरता हळूच म्हणला, दादा, मंठ्याच्या टाकीवरच्या अँटेनाच्या काड्या उभ्या हायत, इकडच्या आडव्या केल्या की दोघींची भेटच होत न्हाई. म्हणलं, आरं मंग माझं नाव का न्हाई घेतलंस. म्हणला, मला दुसरा ठेकेदार भेटंल, तुम्हाला दुसरं तळं कोण देईल?

त्याच तळ्यावर मी पुढं कायम झालो, पोरी शिकल्या, थोरली आता नर्स हाय. घरातल्या प्रत्येक घासात त्याचा वाटा हाय, हे मी जाणून हाय. तो हसनाबादला मोटारी दुरुस्त करतो, त्याचं बरं चाललंय. सोसाट्याचा वारा सुटला की फोन करतो, दादा, उभी हाय ना? मी म्हणतो, उभी हाय रे बाबा. तो हसतो, मला हसू येत न्हाई. त्याच्या लेकराबाळांना कशाची कमी पडू नये, एवढंच मागतो मी.

साहेब अजून जालन्यातच हायत. सिद्धार्थचं काम पक्कं होतं, अँटेना मी फिरवली, हे त्यांच्यापुढं उभं राहून सांगायचं माझ्याकडं अजून बाकी हाय.