दहा फुटांवरचा जवाई

समक्ष जबाब
दिनांक ५ मे २०२५

माझे नाव प्रेमिला संघपाल मेश्राम, वय ४३ वर्षे, धंदा नोकरी, राहणार इंदोरा, नागपूर.

पोलीस ठाण्यात स्वतः हजर राहून, विचारल्यावरून सांगते की, मी सदर येथील एका कंपनीत अकरा वर्षांपासून कामाला आहे. लोकांच्या जेसीबी, टिप्पर, क्रेन कुठे आहेत ते उपग्रहावरून स्क्रीनवर पाहणे आणि मशीन ठरलेल्या हद्दीबाहेर गेली तर मालकाला कळवणे, हे माझे काम. मालक फोन उचलत नसेल तर ऑफिसातूनच इंजिन बंद करायचे, असा नियम आहे. नियम मी केलेला नाही.

नत्थू रामटेके यांची माझ्याविरुद्ध तक्रार आहे की, मी चालक कवडू वासनिक यांच्याशी संगनमत करून त्यांचा मुलगा मोहित यास ऐन वरातीत उपग्रहाने टांगून ठेवले. उपग्रह कोणाला टांगत नाही, हे त्यांना समजावून सांगितले. ते ऐकत नाहीत.

काल रविवारी सकाळी ११.१० वाजता पाचगाव येथील गिट्टीखाणीवरची जेसीबी हद्दीबाहेर गेली. मालक गिरिधर चाफले यांना मी सात फोन केले. त्यांनी एकही उचलला नाही. मशीनचा वेग ताशी एक किलोमीटर दिसत होता. या वेगाने पळणारा चोर मी अकरा वर्षांत पाहिला नाही. तरी नियम म्हणून ११.५० वाजता इंजिन बंद केले.

दोन मिनिटांत कवडूभाऊंचा फोन आला. "ताई, काय करून राहिल्या जी? माझ्या पोरीच्या लग्नाची वरात आहे. जवाई बकेटमध्ये उभा आहे, दहा फूट वर!"

नवरदेवाला घोडा नको, जेसीबी पाहिजे होती. मशीन दुसऱ्याच्या हाती द्यायची नाही म्हणून मुलीचा बापच चालवत होता. मालकाने तोंडी "घेऊन जा गा" म्हटले होते, पण ऑफिसला कळवायचे कोणालाच सुचले नाही. मालक स्वतः वरातीत पुढे नाचत होते आणि त्यांचा मोबाइल बायकोच्या पर्समध्ये होता. धन्य आहे.

११.५८ वाजता मालकाने कवडूभाऊंच्याच फोनवर येऊन मशीन चालू करायला सांगितले. चालक "तयार" म्हणाल्याशिवाय आम्ही इंजिनाचा लॉक काढत नाही. म्हणून मी विचारले, "कवडूभाऊ, तयार काय?" तेवढ्यात वरून नवरदेवाचा आवाज मला स्पष्ट ऐकू आला. "बापाले एक मशीन धड चालवता येत नाही, अन् पोरगी विमानं दुरुस्त करते म्हणे! उद्यापासून बंद ते सारं!"

कवडूभाऊंची मुलगी सोनिका मिहानमध्ये विमान दुरुस्तीच्या कंपनीत टेक्निशियन आहे. तिची नोकरी चालू राहील, असे मुलाकडच्यांनी साक्षगंधात, म्हणजे साखरपुड्यात, सर्वांसमोर कबूल केले होते. कवडूभाऊ म्हणाले, "नाही ताई. तयार नाही."

त्यानंतर मी दर पाच मिनिटांनी विचारत होते. दर वेळी कवडूभाऊ वर तोंड करून ओरडायचे, "जवाईबापू, नोकरीचं काय?" वरून शिव्या यायच्या. मग ते मला सांगायचे, "जवाई तयार नाही म्हणते, ताई." डीजे चालूच होता. ऊन चव्वेचाळीसचे होते. इंजिन बंद असले तरी बकेट खाली घेता येते काय, असे ठाण्यातील साहेबांनी मला विचारले. मी स्क्रीन पाहते. ते मशीनवाल्यांना विचारावे.

१२.३१ वाजता नवरदेव ओरडले, "करू द्या नोकरी! पाया पडतो, पण खाली घ्या मले!" कवडूभाऊ म्हणाले, "तयार, ताई." मी लगेच लॉक काढला.

नंतर फोन सोनिकाने घेतला. ती लग्नाच्या हॉलवरून पायीच तिथे आली होती. मी म्हटले, "जिंकली वं पोरी."

ती म्हणाली, "काहून जिंकली? साक्षगंधात हो म्हणाला होता, ते फिरवलं. आता वर अडकला तर हो म्हणून राहिला. उद्या घरी गेल्यावर काय म्हणन? मले नाही करायचं हे लग्न."

मागे कवडूभाऊ रडत होते आणि "बरं, बरं" म्हणत होते. मला फार बरे वाटले आणि रडूही आले. हे लिहू नका म्हटले, तरी हवालदारांनी लिहिले. सोनिका आज सकाळी कामावर गेली, असे कळले.

हा जबाब मला मोठ्याने वाचून दाखवला. त्यात "लॉक काढण्यास माझ्याकडून अनवधानाने उशीर झाला" असे लिहिले होते. ते खोडून "जाणूनबुजून" करून घेतले. आता तो माझ्या सांगण्याप्रमाणे बरोबर आहे.

सही
प्रेमिला सं. मेश्राम