घरटी एक माणूस

एसटी गंगाखेडहून निघाली. माझ्या पुढच्या सीटवर एक म्हातारा-म्हातारी. तिकीट फाडता फाडता कंडक्टरने विचारलं,

"मामा, लय नटून-थटून?"

"आमच्या हायस्कुलाचा मेळावा हाय. जुन्या विद्यार्थ्यांना बोलावलंय. माझा बाप तिथं उर्दूत शिकला, तवा शाळा देवळात भरायची. मग मी, मग पोरगा. आता नात अर्पिता धाव्वीला हाय."

"हुशार होता मग तुमी?"

"कशाचा हुशार. पाढे येत न्हाईत म्हनून गुरुजी रोज उभं करायचे. तासच्या तास."

"आन् मामी, तुमी कितवी?"

"मी गेलेच न्हाई, बाबा. शाळा बांधायला काढली तवा घरटी एक मानूस दगड वहायला लागायचं. भाऊ वर्गात बसायचा, म्हनून आमच्या घरचं मी."

"आन् आता मेळाव्याला उगंच संग निघाली. खुर्च्या शिकलेल्यांना हायत. हिला कुठं बसवतेल?"

"मला कामून खुर्ची? म्या दगड वाहिलेल्या भिंतीला टेकून बसते."

"आन् मी?"

"तुमी उभं ऱ्हावा. त्या शाळेत तुमाला सवय हाय."