बाईकचा रस्ता

जीपीएसचं कौतुक मला नका रे सांगू. परवा माल घेऊन ठाकूरद्वारला निघालो होतो, शेजारी बाबा. त्यांचा अख्खा जन्म याच भागात ट्रक चालवण्यात गेलाय. वाडीच्या तोंडाशी म्हणाले, "आत घालू नको, अडकशील."

मी म्हटलं, "बाबा, याला तुमच्यापेक्षा जास्त कळतं."

पुढच्याच वळणावर ट्रक असा अडकला की दारही उघडेना. मोबाईल बघतो तर काय, सकाळी बाईकसाठी लावलेला रस्ता तसाच! बाबांनीही पाहिलं.

तेवढ्यात वाडीतली माणसं धावून आली. "कोणी घातला रे हा आत?"

बाबांनी खिडकीतून हात जोडले. "मीच सांगितलं त्याला. वय झालं हो, रस्ते आठवत नाहीत आता."