सॅल्मोचे आठ

(नोव्हेंबरमधला सोमवार, सकाळ. सॅल्मो गावातली परवाना असलेली गांजाची शेड. फुलांच्या खोलीच्या बंद दाराबाहेर म्हातारा निक, ज्याला सगळे देदा म्हणजे आजोबा म्हणतात, आणि नवी कामगार जोलीन.)

देदा : डोळे मीट आणि समज, तू झाड आहेस.

जोलीन : आत चाळीस झाडांनी माना टाकल्यात आणि तुम्हाला खेळ सुचतोय, देदा.

देदा : मीट तर. दोन महिने तू शेजारच्या खोलीत होतीस. अठरा तास मंद उजेड, दमट हवा. काल तुझी सुट्टी, म्हणून मी आणि मालकीण रोंडानं तुला उचलून इथं आणलं. नवे दिवे, नवा वारा, आणि फुलं धरायची म्हणून बारा तासांची रात्र. कसं वाटतंय?

जोलीन : सप्टेंबरात क्रेस्टन सोडून इथं आले तेव्हा वाटलं, तसं.

देदा : तेव्हा कुणी काय करायला हवं होतं?

जोलीन : जरा गप्प बसू द्यायला हवं होतं. तुमच्या बायकोनं रोज बोर्श्ट सूपचं पातेलं आणलं आणि संपेपर्यंत समोर बसल्या.

देदा : तिला सांगू नकोस. झाडांना तसंच गप्प बसू द्यावं म्हणून तर दिवे हातभर वर घेतले, निम्मेच लावले. हवाही जुन्या खोलीसारखी दमट ठेवली. आठवडाभर थोडं थोडं बदलू. तू माना टाकलेल्या कधी पाहिल्यास?

जोलीन : आल्या आल्या, आठ वाजता. आत अंधार. वाटलं, आठला लागायचे ते दिवे बिघडले. ट्यूब लावली, तर सगळी पानं खाली. घाबरून पहिल्या रांगेला पाणी घातलं.

देदा : कुंडी उचलून पाहिलीस?

जोलीन : नाही.

देदा : जड लागली असती. किती वाजता म्हणालीस?

जोलीन : आठ. आता पावणेनऊ झाले, हे बघा.

देदा : तू भिंतीवर बघ.

जोलीन : पावणेआठ. ते घड्याळ मागं पडलंय.

देदा : अख्खं सॅल्मो मागं पडलंय. परवा रात्री. दर नोव्हेंबरात पडतं, हिवाळ्यासाठी सगळे घड्याळं तासभर मागं घेतात.

जोलीन : अरे देवा. आमच्या क्रेस्टनमध्ये घड्याळाला कुणी हात लावत नाही. उन्हाळा असो, हिवाळा असो.

देदा : खिंडीपलीकडच्या तुमच्या कोंबड्यासुद्धा हट्टी.

जोलीन : म्हणजे झाडं मरत नव्हती?

देदा : झोपली होती. रात्र सरत आली की पानं अशीच लोंबतात. पहाटे कुणी तुझ्या तोंडावर बॅटरी मारली तर तू काय राजकन्या दिसशील?

जोलीन : पण त्यांची रात्र मोडली.

देदा : मोडली. पहिलीच होती, अजून सवयही लागलेली नाही. महिन्यानंतर मोडली असती तर मी हसलो नसतो. पुढच्या रात्री अखंड मिळाल्या की सावरतील.

जोलीन : आणि रोंडा? मला कायम ठेवायचं का, ते ती शुक्रवारी ठरवणार. दाराच्या वहीत हे लिहिलं तर... कुणी पाहिलं नाही, देदा.

देदा : परवाना नव्हता तेव्हा वीस वर्षं हीच झाडं मी तळघरात वाढवली, खिडक्यांना काळा रंग फासून. तेव्हाही कुणी पाहिलं नाही. काही चुकलं तर विचारायलाही कुणी नाही. दोनदा सगळी बुरशीनं गेली. लिही.

जोलीन : "सात वाजता दार उघडलं. ट्यूब लावली. दहा कुंड्यांना नको असताना पाणी." कारण काय लिहू?

देदा : क्रेस्टन. एवढंच. रोंडाची आजी तिथली, तिला कळेल.

जोलीन : लिहिलं. आठ वाजले की उघडू?

देदा : दिवे लागल्यावर वीस मिनिटं दे त्यांना. तोवर ही पिराही खा, बटाट्याची आहे. बायकोनं दिलीय, आणि मला संपेपर्यंत समोर बसायला सांगितलंय.

जोलीन : ...झाली वीस मिनिटं. भिंतीवरची.

देदा : मग बघ.

जोलीन : मागच्या रांगा वर आल्यात. पानं अगदी हात पसरल्यासारखी. पहिली रांग सुस्त आहे अजून.

देदा : पोट भरलंय तिचं. उद्यापर्यंत येईल. घड्याळ का काढलंस?

जोलीन : हे माझ्या बाबांचं. ते रोज चावी द्यायचे, पण काटे कधी हलवले नाहीत.

देदा : मग?

जोलीन : तुम्ही जरा तिकडं बघा. एक तास मागं घेतेय.