पेटीचं उद्घाटन

अकोल्याच्या स्टँडवर अमरावती गाडीच्या रांगेत माझ्यापुढं दोघी उभ्या होत्या.

"रईसा, तुमच्या घाटातल्या गावात टेकडी सरकते का पाहाची पेटी आली म्हणे?"

"आली ना, शोभाताई. जमिनीत गाडलेल्या तारेले जोडली. टेकडी हालली का वाजते."

"मंग?"

"उद्घाटनाले तारेवरच नारळ फोडला, ढोल बडवले. पेटी जे बोंबलली!"

"अव माय!"

"काल पुन्हा बोंबलली. सरपंच म्हणे, भेऊ नका, कोणी नारळ फोडला असन."

"कोणं फोडला?"

"कोणीच नाई."

"अन् हे एवढं बोचकं?"

"माहेरी चालली."

"सरपंचानं सांगतलं ना, भेऊ नका?"

"सांगतलं ना. बायकोले पहाटच्या गाडीत बसवून आला, अन् मंग सांगतलं."