नायकाचा दुसरा कान

...अहो, मोबाइलवर सगळं मिळतं हे मला तरी सांगू नका! मान सरळ ठेवा, कात्री आहे हातात. मिळतंय डोंबल! एवढं अवाढव्य शहर, भिंत दिसली की जाहिरात, 'आज कुठे जाल?', 'मनसोक्त जगा!', आणि एका म्हाताऱ्या माणसाला एक नाटक, फक्त एक, खुर्चीत बसून समोरून बघायचं होतं, तर त्यांना घेऊन मी वणवण फिरलो, चपला झिजल्या, पण तुम्हाला सांगतो, पडदा काही उघडेना!

म्हातारा माणूस म्हणजे आमचे नाना. माझे वडील. बाकावरचेही ऐका हो, पेपर नंतर वाचा, त्यात काही नाही. तर नाना जन्मभर थिएटरात पडदा ओढायचे. हातानं, दोरीनं. लोक म्हणायचे, काय नशीबवान माणूस, रोज फुकट नाटक! कसलं फुकट? विंगेत, दोरीपाशी, अंधारात उभं राहून! सगळी नाटकं पाहिली ती एका बाजूनं. भलेभले नायक, बायका ज्यांच्यावर जीव टाकायच्या, त्यांचा नानांना फक्त उजवा कान माहीत. विचारा, 'नाना, तो अमका कसा होता हो?' 'गोरा कान. पाळी लांब.' संपलं वर्णन!

आणि पोटी मुलगा कोण? मी! दिवसभर लोकांचे दोन्ही कान बघतो. कानाच्या बाबतीत मी कधी खोटं बोलत नाही हं, तोंडावर सांगतो. तुमचा डावा जरा खाली आहे. राग मानू नका, कल्ले त्या हिशेबानं घेतो.

तर काय झालं, नानांना दिसेनासं झालं. एका डोळ्यानं आधी, मग दुसऱ्यानंही कडेकडेनं. डॉक्टरकडे नेलं. त्यानं ती बॅटरी डोळ्यात मारली, हे करा, ते करा, वर बघा, खाली बघा, आणि खुर्ची मागे सरकवून म्हणाला, 'काका, एका डोळ्याचा पडदा गेलाय. दुसऱ्याचा सुटत आलाय.' आता नानांना पडदा म्हटल्यावर काय समजणार? ताडकन म्हणाले, 'दोरी कुजली असेल. दोरी बघितलीत का?' डॉक्टर माझ्याकडे बघतोय, मी भिंतीवरच्या अक्षरांकडे बघतोय... हसू की रडू! म्हटलं, डॉक्टर, ऑपरेशन? तर हळूच म्हणाला, 'उपयोग व्हायचा नाही आता. जे बघायचं असेल ते लवकर बघून घ्या.'

लवकर! म्हणजे किती लवकर? ते काही सांगत नाहीत ही माणसं.

जिना उतरताना नाना कठड्याला धरून थांबले. म्हटलं, आता काय मागतायत, देवाला ठाऊक. तर म्हणाले, 'एक नाटक बघायचंय रे. समोरून. मधोमध बसून. नायकाचा दुसरा कान तरी बघू दे.' मी हसलो. पण एवढंच मागितलं हो त्यांनी आयुष्यात माझ्याकडे.

म्हटलं, त्यात काय, एवढं मोठं शहर! मोबाइल उघडला. 'तुमच्या जवळचे कार्यक्रम.' पहिलं काय आलं? प्लॉटचं प्रदर्शन. दुसरं? हसण्याचा क्लास. तिसरं, जादूगार, फक्त कंपन्यांसाठी. नाटक शोधलं तर दातांचा दवाखाना दाखवला! का? ते त्या मोबाइललाच माहीत!

नाना म्हणाले, 'यंत्राला काय विचारतोस, आपल्या थिएटरातच जाऊ.' त्यांचं जुनं थिएटर. गेलो. दार तेच, पायऱ्या त्याच, आणि आत... गाद्या! गाद्यांचं दुकान हो! जिथं रंगमंच होता तिथं डबल बेड. एक गोड आवाजाची बाई पुढे आली, 'या ना काका, झोपून बघा!' नाना चिडले. 'झोपून कशाला बघू? बसून बघणार! मधली रांग कुठंय?' ती म्हणे, 'मधल्या रांगेत कापसाच्या आहेत.' मी नानांना हात धरून बाहेर काढलं. जाता जाता त्यांनी वर छताकडे मान केली. दोरीची कप्पी अजून लटकत होती म्हणे. मला नाही दिसली. त्यांना तरी कशी दिसली असेल, कोण जाणे.

मग माझ्या मेहुण्यानं अक्कल पाजळली. हा मेहुणा म्हणजे प्रत्येक लग्नात माइक हातात घेणारा माणूस. म्हणाला, 'भावोजी, लाइव्ह शो आहे! एक नंबर गायक! पास माझ्याकडे!' गेलो. केवढी गर्दी, केवढा धूर, आणि समोर चार मजली स्क्रीन. गायक? गायक दुसऱ्याच देशात! तिथं गातोय, इथं दिसतोय, आणि त्याला म्हणे लाइव्ह! मी नानांना सांगितलं, 'समोर मोठा पडदा आहे.' तेवढंच ऐकलं त्यांनी आणि बसले सरसावून. गाणं झालं, दुसरं झालं, लोक नाचतायत, आणि हे माझ्या कानाशी, 'अजून उघडत का नाहीत रे? अडकलाय वाटतं. सांग त्यांना, डावीकडची दोरी सैल सोडा.' तुम्हाला सांगतो, शेवटपर्यंत बसले बिचारे, पण पडदा काही उघडेना!

आणि मग एकदा खरं नाटक सापडलं! इस्त्रीचे कपडे, दाढी मी स्वतः केली, पोचलो, तर दारावर पाटी, 'आजचा प्रयोग रद्द.' का? खिडकीतला माणूस तोंडात सुपारी धरून म्हणतो, 'नायकाला मालिकेचं शूटिंग लागलं.' अरे, म्हटलं, दुसरा नायक उभा करा, आम्हाला फक्त कान बघायचाय! तो माझ्याकडे असा बघायला लागला की नानाच म्हणाले, 'चल रे. प्रयोग रद्द होतातच.' घरी येताना दिव्याच्या खांबाला धडकले. म्हणाले, 'सरकवलाय वाटतं इथला खांब.' खांब कोण सरकवणार हो?

तेव्हा मात्र माझा धीर सुटला. दुकान बंद ठेवून शोधत सुटलो. शेवटी एका गिऱ्हाइकाचा साडू एका नाटक मंडळीत निघाला. रविवारी दुपारी, कामगारांचा हॉल, खरी माणसं, खरं नाटक, आणि मुख्य म्हणजे पडदा! लाल! मखमली! पुढची रांग, अगदी मधली खुर्ची. नानांनी हातानं चाचपून दोन्हीकडच्या खुर्च्या मोजल्या, मधोमधच आहोत ना म्हणून. पहिली घंटा. दुसरी घंटा. नानांनी माझं मनगट असं घट्ट धरलं की घड्याळाचा पट्टा रुतला. तिसरी घंटा... आणि अहो, पडदा काही उघडेना!

खरंच उघडेना! कारण काय? मोटार! बटण दाबायचं आणि पडदा उघडायचा, अशी मोटार बसवलेली, ती जळाली. वास सुटला. मॅनेजर घामाघूम होऊन बाहेर आला, 'रसिकहो, क्षमस्व, प्रयोग रद्द करावा लाग...' पुढचं बोलेपर्यंत शेजारची खुर्ची रिकामी! बघतो तर नाना भिंत धरत, पायऱ्या चाचपत वर, विंगेत! आतून आवाज, 'आजोबा, कुठं चाललात?' 'सरक बाजूला. जुनी दोरी कुठंय?' आणि तुम्हाला सांगतो, तो पडदा असा उघडला, असा उघडला, लोण्यातून सुरी जावी तसा! टाळ्या पडल्या. मीच उभा राहून ओरडलो, 'नाना, या आता खाली, सुरू झालं!'

येतात कसले! मोटार बसवली तेव्हा त्या शहाण्यांनी दोरी बांधायचा खुंटा उपटून टाकलेला. दोरी सोडली की पडदा परत बंद. म्हणजे कुणीतरी धरून उभं राहायला हवं. मी धावलो, म्हटलं मी धरतो, तुम्ही जा. तर हातावर फटका मारला माझ्या! 'तुझं काम आहे का हे? नाटक पडेल. जा, समोरून बघ.' आलो परत. काय करणार, वडिलांपुढे कोण बोलणार? अख्खं नाटक ते दोरी धरून उभे. विंगेत. अंधारात. त्या डोळ्यांना तिथून तर उजवा कानही दिसला नसणार.

आणि मी? पुढच्या रांगेत मधोमध बसून मी काय बघितलं? विंग! सारखी विंगच! पडले तर, चक्कर आली तर... स्टेजवर कोण आलं, कोण मेलं, मला विचारू नका.

दुसरा पडदाही गेला हो त्यांचा. त्याच आठवड्यात. सकाळी उठून म्हणाले, 'दिवे का घालवलेस?' उन्हात बसले होते... थांबा, मशीन जरा पुसतो. केस जातात डोळ्यात.

आता रोज दुपारी जेवायला घरी गेलो की नाना भिंतीला टेकून बसतात, 'सांग, समोरून कसं होतं?' मग मी सांगतो. बघितलंय कुणी? पण राजा होतो, राणी होतो, मधेच मरतो. त्यात राजा होता की नाही हेही मला ठाऊक नाही. तुम्ही म्हणाल, मग शहरात जिवंत कार्यक्रम कुठं मिळेल? आमच्या स्वयंपाकघरात. रद्द होत नाही.

काल मात्र विचारलंच. 'ते सगळं राहू दे. दुसरा कान कसा होता?'

आता मी कानाच्या बाबतीत... तुम्हाला माहीतच आहे. म्हटलं, 'पहिल्यासारखाच होता, नाना.'

नानांनी हातानं स्वतःचे दोन्ही कान चाचपले. मग म्हणाले, 'मग ठीक आहे. फार काही हुकलं नाही म्हणायचं.'

चला, झाले तुमचे. आरशात बघून घ्या, दोन्ही बाजूंनी.